एका दुहेरी बंधाची गोष्ट : इथिलीनपासून दुधाच्या पिशवीपर्यंत



अढीत घातलेले आंबे आणि सकाळी दारात येणारी दुधाची पिशवी यांचा एकमेकांशी काय संबंध? वर्गात हा प्रश्न विचारला की हमखास एक उत्तर येते, "सर, आमरस!" उत्तर अगदीच चूक नाही. पण रसायनशास्त्राचे उत्तर निराळे आहे. पिकू लागलेला आंबा एक वायू बाहेर सोडतो. त्या वायूमुळे शेजारचा आंबाही पिकू लागतो, म्हणून तर आपण आंबे गवतात झाकून एकत्र ठेवतो. या वायूचे नाव इथिलीन. आणि दुधाची पिशवी ज्या पॉलिइथिलीनची असते, तेही याच इथिलीनचे असंख्य रेणू एकमेकांना जोडून तयार होते.

एकच पदार्थ फळात असतो तेव्हा दोन-चार दिवसांत आपले काम करून मोकळा होतो आणि पिशवीत गेला की वर्षानुवर्षे तसाच राहतो. असे का होते? पाठ्यपुस्तकात अल्कीन, समावेशन अभिक्रिया आणि बहुवारिके हे विषय वेगवेगळ्या पानांवर येतात. परीक्षेपुरते ते पाठ होतात, पण त्यांचा परस्परांशी असलेला धागा सुटून जातो. या लेखात आपण तो धागा धरून पुढे जाऊ.

कार्बनचे चार हात

कार्बनच्या अणूची संयुजा चार. सोप्या भाषेत, त्याला चार हात आहेत. इथेनमध्ये दोन कार्बन एकमेकांचा एकेक हात धरतात आणि उरलेल्या तीन-तीन हातांनी हायड्रोजन धरतात. सगळे हात गुंतलेले असल्याने नव्या अणूला जागाच नाही. अशा संयुगांना आपण संपृक्त म्हणतो.

इथिलीनमध्ये, म्हणजेच इथीनमध्ये, हायड्रोजनचे अणू चारच आहेत. त्यामुळे दोन्ही कार्बन एकमेकांचे दोन-दोन हात धरतात. हाच दुहेरी बंध. ज्या हायड्रोकार्बनमध्ये असा एक दुहेरी बंध असतो त्यांना अल्कीन म्हणतात. साखळीच्या रूपातील साध्या अल्कीनमध्ये हायड्रोजनची संख्या कार्बनच्या बरोबर दुप्पट असते. इथीनमध्ये दोन आणि चार, प्रोपीनमध्ये तीन आणि सहा, ब्यूटीनमध्ये चार आणि आठ.

दुहेरी म्हणजे दुप्पट बळकट?

नाव ऐकून तसे वाटते खरे. पण आकडे पाहा. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडण्यासाठी एका मोलमागे सुमारे ३४७ किलोज्यूल ऊर्जा लागते. दुहेरी बंधासाठी लागते सुमारे ६१४ किलोज्यूल. ३४७ ची दुप्पट होते ६९४. म्हणजे दुहेरी बंध एकेरीपेक्षा बळकट आहे, पण दुप्पट नाही.

याचे कारण असे की त्यातले दोन बंध सारखे नसतात. पहिला बंध दोन कार्बनच्या अगदी मधोमध, सरळ रेषेत तयार होतो. त्याला सिग्मा बंध म्हणतात. दुसऱ्याचे इलेक्ट्रॉन त्या रेषेच्या वर आणि खाली पसरलेले असतात. हा पाय बंध. तो सिग्मा बंधापेक्षा कमजोर आहे. शिवाय त्याचे इलेक्ट्रॉन बाहेरच्या बाजूला उघडे असल्याने इलेक्ट्रॉनच्या शोधात असलेला कोणताही कण आधी त्यांच्याकडे वळतो.

म्हणून अल्कीनची सारी क्रियाशीलता या पाय बंधात साठलेली आहे. हे एक वाक्य लक्षात ठेवले तर पुढचे सारे पाठ करावे लागणार नाही.

समावेशन अभिक्रिया

पाय बंध सुटला की दोन्ही कार्बनचा एकेक हात मोकळा होतो आणि तेथे नवे अणू येऊन बसतात. जुना कोणताही अणू बाहेर पडत नाही, फक्त नव्यांचा समावेश होतो. म्हणून ही समावेशन अभिक्रिया.

इथिलीन वायू ब्रोमीनच्या पाण्यातून सोडला तर त्याचा तांबूस-पिवळा रंग नाहीसा होतो, कारण ब्रोमीनचे अणू त्या मोकळ्या हातांवर जाऊन बसतात. इथेनने असा रंग जात नाही. असंपृक्त संयुग ओळखण्याची ही प्रयोगशाळेतील नेहमीची कसोटी आहे. (ब्रोमीन त्वचेला आणि श्वासमार्गाला घातक असल्याने हा प्रयोग शिक्षकांनीच करून दाखवायचा असतो.)

ब्रोमीनच्या जागी क्लोरीन घेतला तर तेलासारखा द्रव मिळतो. १७९५ साली डच रसायनशास्त्रज्ञांनी तो तयार केला, त्यावरून इथिलीनला 'तेल करणारा वायू' असे नाव पडले. कारखान्यांत अल्कीनना आजही 'ओलेफिन' म्हणतात, तो शब्द तेथूनच आला.

हायड्रोजनचा समावेश तर आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलेला आहे. शेंगदाणा, सरकी, सोयाबीन यांच्या तेलांच्या लांब रेणूंत मधे मधे दुहेरी बंध असतात. निकेल उत्प्रेरकाच्या साहाय्याने त्यांत हायड्रोजन मिसळला की पातळ तेल घट्ट होते. वनस्पती तूप असेच तयार केले जाते.

इथिलीनलाच इथिलीन जोडले तर?

आतापर्यंत इथिलीनमध्ये बाहेरचा पाहुणा आला. आता बाहेरचे कोणी नाही, आजूबाजूला फक्त इथिलीनचेच रेणू आहेत असे समजा. सगळ्यांजवळ एकेक कमजोर बंध आहे. कोणीतरी पहिल्याचा बंध सोडवला की पुढचे आपोआप घडते.

मैदानावर तुम्ही साखळी पकडापकडी खेळता. पकडला गेलेला गडी हात धरून साखळीत येतो आणि त्याच्या मोकळ्या हाताने पुढच्याला पकडतो. येथेही तसेच आहे. सुरुवात करून देणारा कण म्हणजे मुक्त मूलक. पेरॉक्साइडसारखा पदार्थ तापवला की त्याचे दोन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर एक एकटा इलेक्ट्रॉन राहतो. हा एकटा इलेक्ट्रॉन इथिलीनच्या पाय बंधातील एका इलेक्ट्रॉनशी जोडी जमवतो. पाय बंधातील दुसरा इलेक्ट्रॉन आता पलीकडच्या कार्बनवर एकटा पडतो. तो पुढच्या इथिलीनला गाठतो. मग त्याच्या टोकाचा कार्बन पुढच्याला गाठतो. अशी साखळी हजारो रेणूंपर्यंत वाढत जाते. दोन वाढत्या साखळ्यांची टोके एकमेकांना भेटली, की दोन्ही एकटे इलेक्ट्रॉन जोडीला लागतात आणि खेळ थांबतो.

लहान रेणूला एकवारिक म्हणतात आणि त्यांच्या लांब साखळीला बहुवारिक. हिंदी पुस्तकांत तुम्हाला 'बहुलक' हा शब्द दिसेल, तो याच अर्थाचा. समावेशन होत होत साखळी तयार झाली, म्हणून हे समावेशन बहुवारिक. नायलॉन आणि पाण्याच्या बाटलीचे पेट हीसुद्धा बहुवारिकेच आहेत, पण ती तयार होताना सहसा पाण्यासारखा छोटा रेणू बाहेर पडतो. त्यांना संघनन बहुवारिके म्हणतात. त्यांची गोष्ट वेगळी.

आता एक छोटे गणित करू. साखळीत शिरताना प्रत्येक इथिलीन रेणू आपला एक दुहेरी बंध गमावतो आणि त्या बदल्यात दोन एकेरी बंध मिळवतो. खर्च ६१४, जमा ३४७ अधिक ३४७, म्हणजे ६९४. प्रत्येक मोलमागे सुमारे ८० किलोज्यूल शिल्लक राहतात आणि ते उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतात. म्हणूनच पॉलिइथिलीनच्या कारखान्यात उष्णता सतत काढून घेणे हे मोठे काम असते. ती साठत गेली तर अभिक्रिया हाताबाहेर जाऊ शकते.

दहा हजार इथिलीन रेणूंची साखळी धरली तर तिचे रेणुवस्तुमान २८ गुणिले १०,०००, म्हणजे २,८०,००० भरते. ती ताणून सरळ केली तर तिची लांबी सुमारे अडीच मायक्रॉन होईल आणि जाडी त्याच्या पाच हजाराव्या हिश्शाइतकी. एक मिलिमीटर जाडीची सुतळी पाच मीटर लांब असावी, त्या प्रमाणात. अशा असंख्य सुतळ्या एकमेकींत गुंतून पडल्या आहेत अशी कल्पना करा. पिशवी ताणली जाते पण सहज फाटत नाही, त्याचे कारण हे.

इतके लांब रेणू असू शकतात हे शंभर वर्षांपूर्वी पुष्कळ शास्त्रज्ञांना पटत नव्हते. जर्मनीचे हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० साली हा विचार मांडला, तेव्हा त्यांना बराच विरोध झाला. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५३ साली.

भांड्याच्या तळाचा पांढरा पदार्थ

पॉलिइथिलीनचा शोध मात्र कोणी ठरवून लावलेला नाही. मार्च १९३३ मध्ये इंग्लंडमधील विनिंग्टन येथे इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रयोगशाळेत रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट हे दोघे अतिशय मोठ्या दाबाखाली काय घडते ते तपासत होते. त्यांनी इथिलीन आणि बेन्झाल्डिहाइड यांचे मिश्रण १७० अंश सेल्सियस तापमानाला, वातावरणाच्या सुमारे १९०० पट दाबाखाली ठेवले. अपेक्षित पदार्थ मिळालाच नाही. भांड्यात थोडासा पांढरा, मेणासारखा पदार्थ मात्र राहिला होता.

पुढचा अनुभव अडचणीचा होता. तोच प्रयोग पुन्हा केला तर कधी काहीच मिळेना, तर कधी स्फोट होई. १९३५ च्या डिसेंबरात मायकेल पेरिन आणि सहकाऱ्यांनी प्रयोग पुन्हा हाती घेतला. उपकरणात गळती होऊन दाब कमी झाला, म्हणून त्यांनी आणखी इथिलीन भरला, आणि या वेळी पांढरा पदार्थ चांगला मिळाला. कारण मागाहून कळले. नव्याने भरलेल्या इथिलीनमध्ये प्राणवायूचा नेमका हवा तेवढा अंश होता आणि त्यानेच मुक्त मूलके तयार करून साखळीची सुरुवात करून दिली होती. प्राणवायू कमी पडला तर काही घडत नसे, जास्त झाला तर स्फोट होई.

१९३९ साली कारखान्यातून उत्पादन सुरू झाले आणि त्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले. विमानांतील रडारच्या तारांवर हलके आणि उत्तम विद्युतरोधक वेष्टन हवे होते, तेथे पॉलिइथिलीन कामी आले. बाजारातील पिशव्या, बरण्या आणि बाटल्या ही त्याची ओळख युद्धानंतरची.

कडब्याची पेंढी आणि बाभळीच्या फांद्या

मोठ्या दाबाच्या पद्धतीत साखळी सरळ वाढत नाही, तिला मधे मधे फांद्या फुटतात. बाभळीच्या फांद्यांचा ढीग रचून पाहा, मधे मोकळी जागा राहतेच. कडब्याची सरळ ताटे मात्र एकमेकांना चिकटून घट्ट पेंढी बांधता येते. रेणूंचेही तसेच आहे. फांद्या असलेले पॉलिइथिलीन मऊ, लवचीक आणि कमी घनतेचे असते. ते साधारण ११० अंशांच्या आसपास वितळते. त्याच्या पिशव्या होतात.

फांद्या नसलेली साखळी कशी करायची हे जर्मनीतील म्युलहाइम येथे कार्ल त्सीग्लर यांनी १९५३ साली दाखवले. टायटॅनियमचे क्लोराइड आणि ॲल्युमिनियमचे एक संयुग एकत्र करून त्यांनी उत्प्रेरक बनवला. त्याच्यामुळे प्रचंड दाबाची गरजच उरली नाही. साध्या दाबाखाली इथिलीनच्या सरळ साखळ्या तयार झाल्या. हे जास्त घनतेचे पॉलिइथिलीन कडक असते आणि सुमारे १३० अंशांपर्यंत टिकते. बादल्या, तेलाचे कॅन, पाण्याचे ड्रम त्याचे होतात.

दुसऱ्याच वर्षी, १९५४ साली, इटलीचे जुलिओ नात्ता यांनी याच प्रकारच्या उत्प्रेरकाने प्रोपीनची साखळी केली. प्रोपीनमध्ये प्रत्येक घटकाला तिसऱ्या कार्बनची एक शेपटी असते. या सगळ्या शेपट्या ओळीने एकाच बाजूला आल्या तर साखळ्या नीट रचल्या जातात आणि पदार्थ कडक होतो. वेड्यावाकड्या आल्या तर चिकट, मऊ गोळा मिळतो. अणू तेच, प्रमाण तेच, फक्त रचना वेगळी. त्सीग्लर आणि नात्ता यांना १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

एकाच कुटुंबातील भावंडे

इथिलीनच्या चार हायड्रोजनपैकी एखाद्याच्या जागी दुसरे काही बसवले की नवे एकवारिक मिळते, पण जोडण्याची रीत तीच राहते.

• काहीच बदलले नाही : पॉलिइथिलीन. दुधाच्या पिशव्या, गच्चीवरील पाण्याच्या टाक्या.

• एका हायड्रोजनच्या जागी एक कार्बन आणि त्याचे तीन हायड्रोजन : पॉलिप्रॉपिलीन. खुर्च्या, बाटल्यांची टोपणे, धान्याची आणि सिमेंटची विणलेली पोती.

• एका हायड्रोजनच्या जागी क्लोरीन : पीव्हीसी. नळाचे पाइप, विजेच्या तारांवरील वेष्टन.

• एका हायड्रोजनच्या जागी बेन्झीनचे वलय : पॉलिस्टायरीन. फुगवले की आपले थर्मोकोल.

• चारही हायड्रोजनच्या जागी फ्लोरीन : टेफ्लॉन. न चिकटणारे तवे.

टेफ्लॉनचा शोधही असाच अवचित लागला. १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांच्या नळकांड्यातून वायू येणे थांबले, पण वजन करून पाहिले तर नळकांडे रिकामे झालेले नव्हते. त्यांनी ते कापून उघडले. आत पांढरी भुकटी होती. वायूचे रेणू आतल्या आत एकमेकांना जोडले गेले होते.

आपल्या बडोद्यात

हा विषय आपल्या शहरासाठी नुसता पुस्तकातला नाही. १९६५ साली कोयलीची रिफायनरी सुरू झाली. खनिज तेलाच्या ऊर्ध्वपातनातून नाफ्था मिळतो. १९६९ साली इंडियन पेट्रोकेमिकल्स, म्हणजे आपण सगळे ज्याला आयपीसीएल म्हणत आलो ती सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९७८ मध्ये तिच्या बडोद्याच्या संकुलात नाफ्थापासून इथिलीन आणि प्रोपीन तयार होऊ लागले. २००२ साली तिचे व्यवस्थापन खासगी क्षेत्राकडे गेले आणि २००७ मध्ये ती रिलायन्समध्ये विलीन झाली. आपल्यापैकी अनेकांच्या घरी 'आयपीसीएल' हा शब्द आजोबांच्या बोलण्यात अजून येतो.

नाफ्थाचे रेणू संपृक्त असतात. त्यांना वाफेबरोबर ८०० अंशांहून अधिक तापलेल्या नळ्यांतून एका सेकंदाहूनही कमी वेळात पुढे नेतात आणि लगेच थंड करतात. मोठे रेणू तुटतात, त्यांतून हायड्रोजन सुटतो आणि तुकड्यांत दुहेरी बंध तयार होतात. मग त्या मिश्रणावर दाब देऊन ते थंड करतात आणि उत्कलनबिंदूंतील फरकाने घटक वेगळे काढतात. इथिलीनचा उत्कलनबिंदू उणे १०४ अंश, प्रोपीनचा सुमारे उणे ४८ अंश. म्हणजे एकाच कारखान्यात एका टोकाला लालबुंद भट्टी आणि दुसऱ्या टोकाला हिमालयालाही लाजवील अशी थंडी! अशा कारखान्यांच्या उंच धुराड्यावर रात्री जी ज्योत दिसते, तिच्यात अतिरिक्त वायू सुरक्षितपणे जाळलेला असतो.

मग ते कुजत का नाही?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. इथिलीन इतका उत्सुक होता तो पाय बंधामुळे. साखळीत जोडला जाताना नेमका तोच बंध त्याने खर्च केला. उरलेल्या साखळीत फक्त कार्बन-कार्बन आणि कार्बन-हायड्रोजन असे एकेरी, बळकट बंध आहेत. ब्रोमीनच्या पाण्यात दुधाची पिशवी बुडवली तर रंग जाणार नाही. आम्ल, क्षार, पाणी, कशाशीच तिचे फारसे देणेघेणे नाही. दूध त्यात सुरक्षित राहते ते याच गुणामुळे.

आणि गटारात ती तशीच पडून राहते तीसुद्धा याच गुणामुळे. कागद आणि सुती कापड यांचे सेल्युलोज हेही लांब साखळीचेच आहे, पण त्या साखळीत ठरावीक अंतरावर प्राणवायूचे दुवे आहेत. बुरशी आणि जिवाणूंची विकरे ते दुवे बरोबर पकडून तोडतात. पॉलिइथिलीनच्या साखळीत पकडायला तसे काही नाही आणि एवढा मोठा रेणू जिवाणूच्या आतही शिरू शकत नाही.

एक शत्रू मात्र आहे, तो म्हणजे ऊन. सूर्याचे अतिनील किरण आणि हवेतील प्राणवायू मिळून साखळ्या हळूहळू तोडतात. गच्चीत राहिलेली बादली काही वर्षांत फिकी पडते आणि हात लावताच तडकते, ती यामुळेच. पाण्याच्या टाक्या काळ्या असतात कारण त्यांत मिसळलेली काजळी ते किरण शोषून घेते. पण तडकणे म्हणजे कुजणे नव्हे. मोठ्या तुकड्याचे बारीक तुकडे होतात, त्यांचे आणखी बारीक होतात आणि ते माती व पाण्यात मिसळतात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. २०२२ साली नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी असे अतिसूक्ष्म कण माणसाच्या रक्तातही आढळल्याचे प्रसिद्ध केले. शरीरावर त्यांचा परिणाम काय होतो यावर संशोधन चालू आहे.

रसायनशास्त्र समजल्यावर काय करायचे?

'प्लास्टिक वाईट' असे म्हणून निबंध लिहिणे सोपे आहे. पण सलाईनची नळी, विजेच्या तारेचे वेष्टन, शेतातील ठिबक सिंचन हेही याच कुटुंबातील आहेत. आमच्या मते प्रश्न पदार्थाचा कमी आणि वापराचा जास्त आहे. दहा मिनिटे वापरायच्या वस्तूसाठी अनेक दशके टिकणारा पदार्थ आपण निवडतो, येथे खरी चूक आहे. म्हणून काही गोष्टी कारणांसह सांगतो.

पहिली गोष्ट, दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका. छोटी चीर द्या आणि तुकडा पिशवीलाच राहू द्या. समावेशन बहुवारिकांच्या साखळ्या एकमेकींना पक्क्या बांधलेल्या नसतात, त्यामुळे उष्णतेने ती वितळतात आणि त्यांची नवी वस्तू करता येते. धुऊन वाळवलेली अखंड पिशवी भंगारवाला घेतो. नखाएवढा कोपरा मात्र कोणीच उचलत नाही, तो थेट गटारात जातो.

दुसरी गोष्ट, उरलेले अन्न पिशवीत बांधून रस्त्यावर टाकू नका. गाय अन्नाच्या वासाने पिशवीसकट गिळते. जे जिवाणूंना पचत नाही ते गाईच्या पोटात तरी कसे पचणार? पिशव्यांचा गोळा पोटात साठत जातो आणि जनावर उपासमारीने दगावते.

तिसरी गोष्ट, थंडीत शेकोटीत प्लास्टिक टाकू नका. पीव्हीसीमध्ये क्लोरीन असतो. तो जळताना हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायू सुटतो आणि डायॉक्सिनसारखी अत्यंत विषारी संयुगेही तयार होऊ शकतात. शेकोटीभोवती बसलेली लहान मुले तोच धूर श्वासात घेतात.

चौथी गोष्ट गणपतीच्या मखराची. थर्मोकोलमध्ये बहुतांश हवाच असते, त्यामुळे ते वजनाला हलके पण आकाराने मोठे. त्याला भंगारात किंमत येत नाही आणि विसर्जनानंतर ते पाण्यावर तरंगत राहते. १ जुलै २०२२ पासून देशभर सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आहे. पुठ्ठा, कापड आणि कागदाचा लगदा यांची मखरे आपल्या आजी-आजोबांच्या हाताखाली उत्तम होत असत. त्यांना विचारा, ते आनंदाने शिकवतील.

पातळ पिशव्यांवरील बंदीमागेही असाच विचार आहे. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकच्या हातपिशव्यांना परवानगी नाही. जाड पिशवी पुन्हा पुन्हा वापरता येते आणि तिला वजन असल्याने कचरा वेचणाऱ्यांना ती उचलणे परवडते.

करून पाहा

साहित्य : दोन पेले, पाणी, मीठ. दुधाच्या पिशवीचा, बाटलीच्या टोपणाचा, पाण्याच्या बाटलीचा, पीव्हीसी पाइपचा आणि सीडीच्या तुटलेल्या पारदर्शक डब्याचा लहान तुकडा. तुकडे मोठ्या माणसांकडून कापून घ्या.

कृती : एका पेल्यात साधे पाणी घ्या. दुसऱ्यात तीन-चार मोठे चमचे मीठ पूर्ण विरघळवा. प्रत्येक तुकडा ओल्या बोटांनी चोळून त्यावरचे हवेचे बुडबुडे काढा, मग पाण्याच्या मध्यापर्यंत नेऊन सोडा.

निरीक्षण : पिशवी आणि टोपण साध्या पाण्यातही तरंगतात, कारण पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांची घनता एकपेक्षा कमी आहे. सीडीच्या डब्याचे पॉलिस्टायरीन (घनता सुमारे १.०५) साध्या पाण्यात बुडते, पण मिठाच्या पाण्यात वर येते. पाइप आणि बाटली (दोन्हींची घनता १.३ च्या वर) दोन्हीकडे बुडतात. पुनर्वापराच्या कारखान्यांत मिश्र प्लास्टिक वेगळे करण्यासाठी हीच युक्ती वापरतात. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात छापलेला आकडाही ताडून पाहा. १ म्हणजे पेट, २ जास्त घनतेचे पॉलिइथिलीन, ३ पीव्हीसी, ४ कमी घनतेचे पॉलिइथिलीन, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन आणि ७ म्हणजे इतर.

डोके चालवा

१) पेटचा तुकडा पाण्यात बुडतो, मग टोपण लावलेली रिकामी बाटली का तरंगते?

२) प्रोपीनचे १००० रेणू जोडून झालेल्या साखळीच्या मुख्य कण्यात कार्बनचे किती अणू असतील? (३००० हे उत्तर नाही!)

३) कच्ची केळी लवकर पिकवायची असतील तर ती पिकलेल्या केळ्याबरोबर कागदी पिशवीत बंद करून ठेवतात. उघड्यावर ठेवली तर एवढा फरक का पडत नाही?

उत्तरे कारणांसह लिहून विज्ञान शिक्षकांकडे द्या. बरोबर उत्तरे पुढील अंकात छापू.